वसुबारसेची टोपली

टिपणिसांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. गौरी जाऊन दोन दिवस झाले होते, घरात अजून शेवंतीचा वास होता. रिसीव्हर कसाबसा कोपराने कानाशी धरला. "कुसुमताई, भाऊ गेले. सकाळी चहा मागितला, मी करून आणला, तर..." फोन ठेवल्यावर बराच वेळ मी माझ्या हातांकडे बघत बसले. बोटांना कणीक चिकटली होती. मन कुठून कुठे जाईल याचा काही नेम नसतो. शहाऐंशी वर्षांचा माणूस भरल्या घरातून गेला, आणि मला आठवली ती एक गाय... जी माझ्या हातून मेली होती.

भाऊकाका म्हणजे गोविंद विठ्ठल टिपणीस. शहरातल्या एका गुरांच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर कंपाउंडरकी केली. मुलुंडला आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. गेलेल्या माणसाला देवमाणूस म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. भाऊकाकांना ते खपलं नसतं, आणि खरं सांगायचं तर ते तसे नव्हतेही. चिडके होते. चहा पाणचट झाला की कप तसाच सरकवून उठायचे. पत्त्यांत हरले की दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. दिवाळीचा नवा सदरा घालायचासुद्धा त्यांना कंटाळा, आणि काकू त्यावरून डोकं धरून बसायच्या. पण जनावरापुढे उभा राहिला की हा माणूस वेगळाच होऊन जायचा. हात पुढे करायचा, तळवा उघडा ठेवायचा, आणि थांबायचं. पाच मिनिटं लागोत नाहीतर अर्धा तास. जनावर आपणहून येऊन नाक लावणार, वास घेणार, मग काय ते औषध. "आपण त्याच्याकडे जायचं नसतं, कुसू. त्याला येऊ द्यायचं असतं," असं ते म्हणायचे. टिपणिसांच्या हाताला गुण आहे, असं सगळी आळी म्हणायची.

मी सांगतेय ती पन्नास सालानंतरची दोन-चार वर्षं. मुलुंड तेव्हा बैठ्या घरांचं, विहिरींचं आणि पेरूच्या झाडांचं गाव होतं. पूर्वेला भातशेतं, त्यापलीकडे मिठागरं, पश्चिमेला डोंगर. आमच्या आळीच्या टोकाला काशीबाई आगरीण राहायची. तिची तांबू नावाची गाय. शाळेतून आले की मी दप्तर पायरीवर टाकायची आणि तांबूच्या गोठ्यात जाऊन उभी राहायची. ती मला ओळखायची, मान हलवायची, आणि माझी खात्री होती की माझ्या घरच्यांपेक्षा तिलाच माझी जास्त काळजी आहे. त्या वर्षी तिला पाच महिन्यांची कालवड होती, म्हणून वसुबारसेची पूजा तिचीच. सकाळपासून आळीतल्या बायका ताटं घेऊन येत होत्या. कुणाचे उडदाचे वडे, कुणाची बाजरीची भाकरी, कुणाचा भात, कुणाची गूळ-डाळ. प्रत्येकीला वाटायचं, आपल्या ताटातलं गाईने पोटभर खावं. आणि तांबू बिचारी खात होती.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते. आमच्या घरात माझी विधवा आत्या होती, स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. सोवळं कडक. तिने दिवाळीच्या करंज्यांसाठी रेशनचे गहू धुऊन परसात बाबांच्या जुन्या धोतरावर वाळत घातले होते. सकाळी मी तिला विचारलं, आज पोळ्या का नाहीत? ती म्हणाली, "आज बायका गहू खात नाहीत. आजचा दिवस गाईचा." आठ वर्षांच्या डोक्याने याचा सरळ अर्थ लावला. दिवस गाईचा, बायका गहू खात नाहीत, म्हणजे आजचे गहू गाईचे. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी फ्रॉकच्या ओच्यात गहू भरले आणि तांबूपुढे नेऊन ओतले. तीन खेपा केल्या. धोतर रिकामं झालं. मग तिला तहान लागली असेल म्हणून बादलीभर पाणी पाजलं. ती माझ्या हातातलं शेवटचं मूठभर चाटून-पुसून खात होती तेव्हा मला जो आनंद झाला होता तो मला आजही आठवतो.

संध्याकाळी तांबूचं पोट डाव्या बाजूने फुगलं. ती कण्हायला लागली. भाऊकाका दवाखान्यातून घरी आले ते कपडे न बदलताच तिच्याकडे गेले, बांबूच्या नळीने तेल पाजलं, पोट चोळत राहिले. दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीच्या सकाळी, तांबू गेली. तोवर आत्याला रिकामं धोतर दिसलं होतं आणि काशीबाईला गोठ्यात सांडलेले गहू. आत्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "काय हात आहेत कार्टीचे! रोप लावलं तर सुकतं, गाय चारली तर मरते." आणि मग बाबांकडे वळून, आवाज खाली करून, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने: "गोहत्या आहे ही. भटजींना विचारून प्रायश्चित्त घ्यायला लागेल." आईने मला जवळ ओढलं. "काही नाही गं, तांबू म्हातारी झाली होती." पाच महिन्यांच्या वासराची आई म्हातारी? आई खोटं बोलतेय हे मला लगेच कळलं. म्हणजे खरं इतकं भयंकर आहे की आईलासुद्धा ते बोलवत नाही... तिकडे कालवड हंबरत होती. ते हंबरणं आमच्या माजघरापर्यंत यायचं.

त्या दिवसापासून मी माझ्या हाताने कुणाला काही देणं बंद केलं. बाबांनी पाणी मागितलं की तांब्या जमिनीवर ठेवून मागे सरकायची. तुळशीला पाणी नाही, चिमण्यांना दाणे नाहीत, मांजराला हात नाही. चार दिवसांत दहा शब्द बोलले असेन. लहान पोर आहे, विसरेल, असं सगळे म्हणत होते. मी विसरणार नव्हते. माझ्या हातांत काहीतरी आहे आणि ते मी ज्याला लावीन तो मरेल, एवढं मला पक्कं कळलं होतं.

भाऊबीजेला भाऊकाका आले. आईने फराळाचं ताट पुढे केलं, त्याला त्यांनी हात लावला नाही. मी बसले होते त्या पायरीवर ते माझ्या शेजारी येऊन बसले. "कुसू, खरं सांगू का?" मी मान हलवली. "तांबू गव्हानेच गेली. गहू तू दिलेस." आतून आईचा आवाज आला, "अहो भाऊ...!" त्यांनी तिकडे बघितलंही नाही. "पण आता पुढचं ऐक. सणाला गाईला किती खाऊ घालतात ते मी दरवर्षी सकाळी कामावर जाताना बघतो. त्याने काय होतं ते मला ठाऊक आहे, माझा धंदाच तो आहे. पण सणाच्या दिवशी बायकांच्या तोंडी कोण लागणार, म्हणून गप्प बसतो. यंदाही बसलो. तुला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. तू आठ वर्षांची, मी अडतीसचा. आता सांग, चूक जास्त कुणाची?"

मी विचार केला. बराच केला. मग म्हणाले, "तुमची."

"बरोबर," ते म्हणाले, आणि ताटातली चकली उचलून खाल्ली. मला त्या क्षणी हलकं वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण कुणीतरी माझ्याशी खरं बोललं होतं. आणि ते माझ्या बाजूला बसून बोललं होतं, समोर उभं राहून नाही.

पुढच्या रविवारपासून आमचं हिंडणं सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी भाऊकाका मला बोलवायला यायचे, "चल, एक गोष्ट ऐकायची आहे." पण स्वतः गोष्ट सांगायचे नाहीत. ज्याची गोष्ट त्याच्याकडे घेऊन जायचे. मी एकदा विचारलं, तुम्हीच का नाही सांगत? तर म्हणाले, "मी सांगितली तर ती गोष्ट होते. त्याने सांगितली तर ते खरं असतं. तुला आईने एक गोष्ट सांगितलीच होती ना, काय झालं तिचं?" माणसांनी जनावरांसाठी काय काय केलं ते मी असं थेट त्या त्या माणसाकडून ऐकलं. पहिले भेटले स्टेशनबाहेरचे टांगेवाले हुसेनभाई. त्यांचा घोडा पोटशुळाने मरायला टेकला होता, आणि तो खाली बसला की संपला, असं भाऊकाकांनी त्यांना सांगितलं होतं. म्हणून हुसेनभाई सकाळी त्याचा लगाम धरून जे चालायला लागले ते ठाण्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. दिवसभर. जेवले नाहीत, बसले नाहीत, सगळा वेळ त्या घोड्याशी बोलत होते. "काय बोलत होता?" मी विचारलं. ते लाजले. "गाना गात होतो, बेबी. जेवढी येत होती तेवढी सगळी. मग संपली, तर पुन्हा पहिल्यापासून." आणि मग म्हणाले, "चूक तर माझीच होती ना. घामात होता तो, मी थंड पानी पाजलं. मीच आजारी पाडला, मग मीच चालवला."

गिरणीतले दशरथ परब मालवणकडचे, राहायला स्टेशनजवळ. साच्यांच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, खात्यात एका बंद साच्यावर कबुतराने घरटं केलं होतं. तो साचा दुरुस्त होऊन सुरू करायची वेळ आली तर परबांनी खात्यातल्या माणसांना गोळा केलं, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातापाया पडले, आणि पिल्लं उडेपर्यंत साचा तसाच ठेववला. शंभर साचे धडधडताहेत आणि मधला एक गप्प, कारण त्यावर दोन पिल्लं आहेत... मला ते डोळ्यांपुढे दिसलं. परब हसत नव्हते मात्र. "आदल्या वर्साक तेच कबुतर इला होता, गो. माका वाटला, नुसतो कचरो आसा. काठयेन खाली पाडलंय. मगे बघतंय तर अंडी फुटलेली..." त्यांनी आपले हात माझ्यापुढे धरले. जाडजूड, तेलाने काळे झालेले. "ह्याच हातांनी."

भाऊकाका परतीच्या वाटेवर यावर काहीही बोलायचे नाहीत. तात्पर्य सांगण्याचा त्यांना तिटकारा होता. दोन-अडीच वर्षांत आम्ही अशा किती माणसांकडे गेलो कोण जाणे. मी ऐकत होते, थक्क होत होते, पण घरी आल्यावर बाबांचा तांब्या जमिनीवरच ठेवत होते. दुसऱ्यांच्या हातांबद्दल माझी काही तक्रार नव्हती. प्रश्न माझ्या हातांचा होता.

तांबूच्या कालवडीचं नाव काशीबाईने धनू ठेवलं होतं, धनत्रयोदशीला पोरकी झाली म्हणून. भाऊकाकांनी तिला स्वतः वाढवली. बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात द्यायचे आणि हळूहळू हात बादलीत खाली न्यायचे, मग ती बोटांबरोबर दूध ओढायची. "ये, तू पाज," ते मला म्हणायचे. मी मागे सरकायची. "बरं," म्हणायचे. एकदाही आग्रह केला नाही. पुढच्या वसुबारसेला मात्र त्यांनी रजा टाकली. काशीबाईने पूजेसाठी बहिणीकडची गाय वासरासकट आणली होती. भाऊकाका सकाळीच गाईशेजारी स्टूल टाकून बसले, एका बाजूला हिरव्या गवताची पेंढी, दुसऱ्या बाजूला एक मोठी बांबूची टोपली. येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच वाक्य: "बोटावर मावेल एवढं गाईला, बाकीचं टोपलीत." आळीत हलकल्लोळ झाला. आत्या तर पदर खोचून पुढे आली. "भाऊ, बायकांच्या पूजेत पुरुषमाणसाचं काय काम?" भाऊकाका हात जोडून म्हणाले, "आत्याबाई, तिच्या पोटात कप्पे चार असतील, पण जीव एकच आहे हो." आत्याने रागारागाने ताट टोपलीत उपडं केलं. पण केलं. टोपलीतलं मग ते संध्याकाळपर्यंत थोडं थोडं करून आळीतल्या सगळ्या जनावरांना घालत होते.

आणि मग तांबू गेल्यानंतरच्या तिसऱ्या वैशाखातला तो रविवार. सकाळचे आठ-साडेआठ झाले असतील. काशीबाईचा आरडाओरडा ऐकून सगळे धावलो. भातशेताच्या बांधाला एक जुनी दगडी विहीर होती, एका बाजूने कठडा पडलेली, वापरात नसलेली. दगडांच्या फटींतला हिरवा पाला खायला धनू गेली आणि आत पडली. वाकून बघितलं तर खोल तळाशी, गुडघाभर पाण्यात, ती वर मान करून उभी होती. हंबरत नव्हती. मला तेच सहन होईना. हुसेनभाई टांग्यातून दोर घेऊन आले, चार-सहा गडी जमले. भाऊकाका कठड्याशी आडवे झाले, बराच वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, "दोर नाही लावायचा. पाचवा महिना आहे तिला. पोटाला फास बसला तर वासरू जाईल, मागोमाग तीही." बंबवाल्यांना बोलवा, असं कुणीतरी म्हणालं. "तेसुद्धा दोरानेच काढणार ना," ते म्हणाले. मी माझे हात पाठीमागे घट्ट धरून उभी होते. तांबूच्या पोरीवरही माझीच दृष्ट, असं माझ्या मनात येऊन गेलं.

भाऊकाकांनी सदरा काढला आणि विहिरीच्या भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी खुंटांवर पाय देत खाली उतरले. तळाशी धनूपासून हातभर लांब उभे राहिले. हात पुढे केला. थांबले. एवढी माणसं वर श्वास रोखून उभी, आणि हा माणूस खाली हात पुढे करून थांबलाय! शेवटी धनूने मान वळवली आणि त्यांच्या तळव्यात नाक खुपसलं. मग खालून त्यांचा आवाज घुमत आला: "पाणी ओता! विहीर भरा! पाणी चढेल तशी पोहत वर येईल ती!"

क्षणभर कुणाला कळेना. पाणी कुठलं? आळीत त्या वैशाखात पाणी फक्त एका बंगल्याच्या विहिरीला उरलं होतं, पन्नास-साठ पावलांवर. तेच सगळ्यांचं प्यायचं. ते उपसलं तर पाऊस येईपर्यंत काय? ज्यांचं जनावर ती काशीबाईच रडत म्हणाली, "नको रं भाऊ, माज्या एका ढोरापायी आख्ख्या आलीचं पानी नको संपवू." माणसं एकमेकांकडे बघत होती. नाही म्हणायची लाज वाटत होती आणि हो म्हणायची छाती होत नव्हती.

तेवढ्यात आत्या आली. आमची आत्या, जी पाण्याच्या भांड्याला घरातल्या पोरांनासुद्धा शिवू द्यायची नाही, ती सोवळ्यातला तांब्याचा हंडा कमरेवर घेऊन आली आणि तिने तो बंगल्याच्या विहिरीच्या काठावर दाणकन ठेवला. "ओढा रे. बघत काय उभे राहिलात मेल्यांनो?" एवढंच म्हणाली. मग जे सुरू झालं ते मी त्यानंतर आयुष्यात पुन्हा बघितलं नाही. घराघरांतून बादल्या आल्या, कळश्या आल्या, पितळी घंगाळं आली, तेलाचे रिकामे डबे आले. दोन रहाटांवर गडी लागले. एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत माणसांची रांग उभी राहिली. बंगल्याचे वकील धोतराचा काचा मारून, त्यांच्याशेजारी परब, पलीकडे गुजराती शेठाणी, मग आत्या, आणि आत्याच्या पुढे गंगूबाई, आमचा रस्ता झाडणारी, जिला आत्या रोज वरून ओंजळीत पाणी घालायची. रांगेत जागा तिथे होती म्हणून ती तिथे उभी राहिली. आत्याने भरलेला हंडा तिच्या हातात दिला. हाताला हात लागला. तिकडे बघायला कुणाला वेळच नव्हता.

गंगूबाईच्या पुढे रांग तुटली होती. मध्ये दोन पावलांची फट, मग हुसेनभाई. ती हंडा घेऊन माझ्याकडे वळली. "घे गं पोरी, जड हाय."

"माझ्या हाताने नको," मी म्हणाले. "माझ्या हाताने मरेल ती."

तिने हंडा गुडघ्यावर तोलला. "कोनाच्या हातानं ते मागनं बघू," ती म्हणाली. "आधी धर."

मी धरला. थंड, ओला, जड तांब्याचा हंडा. वळून हुसेनभाईंना दिला. तोवर पुढची बादली आली होती. ती दिली. मग डबा. मग कळशी. किती वेळ, मला माहीत नाही. ऊन डोक्यावर आलं, फ्रॉक चिंब झाला, तळवे सोलवटले. मधेच एकदा रहाटावरच्या गड्याने ओरडून सांगितलं की पाण्याबरोबर गाळ यायला लागलाय, आणि सगळ्यांनी ते ऐकलं, आणि रांग एक क्षणही थांबली नाही. आपलं प्यायचं पाणी संपताना डोळ्यांनी बघत ती माणसं ते पुढे देत होती. मी पुढे खूप वाचलं, शिकले, शिकवलं. पण माणसात काय असू शकतं हे मला त्या सकाळी जेवढं कळलं तेवढं पुन्हा कधी कळलं नाही.

पाण्याबरोबर आधी वर आलं ते भाऊकाकांचं टक्कल. मग धनूची शिंगं. एका हाताने खुंट धरून, दुसऱ्या हाताने तिची हनुवटी आपल्या खांद्यावर पेलून ते तिच्याबरोबर पोहत एकेक वीत वर येत होते, आणि तिच्या कानात काहीतरी बोलत होते. कठडा पडलेल्या बाजूला गोणपाटं टाकली. हुसेनभाईंनी आणि परबांनी तिची शिंगं धरली, तिने पुढचे पाय टेकवले, एकदा घसरली, पुन्हा टेकवले... आणि बाहेर आली. उभी राहिली. अंग झटकलं तशी सगळ्यांच्या अंगावर पाणी उडालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वकीलसाहेब डोळे पुसत होते आणि काशीबाई धनूच्या चारही पायांना आळीपाळीने मिठ्या मारत होती.

भाऊकाकांच्या अंगावर हुसेनभाईंनी घोड्याची घोंगडी टाकली. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. तशातही त्यांची नजर मला शोधत होती. "कुसू, हात पुढे कर," ते म्हणाले. "आणि थांब." मी सोलवटलेला तळवा उघडा केला. धनू लगेच आली नाही. तिने आधी जमीन हुंगली, माझ्या आईच्या लुगड्याचा वास घेतला, मग दोन पावलं पुढे आली आणि माझा तळवा चाटला. खरबरीत जीभ, कातडी गेलेल्या जागी आग आग झाली. मी हात मागे घेतला नाही. मी मोठमोठ्याने रडत होते. "आता विचार तिला, पाणी कुणाच्या हाताचं होतं," भाऊकाका म्हणाले आणि शिंकले.

पुढे पाऊस येईपर्यंत आळीने लांबून पाणी वाहिलं. आत्याने कुरकुर केली ती फक्त गुडघ्यांची. हंडा तिने त्या दिवशी चिंचेने लखलखीत घासला; चिखल जावा म्हणून की विटाळ जावा म्हणून, ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर गंगूबाईला ती पाणी पेल्यात द्यायला लागली, आणि पेला हातात द्यायची. घरी गेल्यावर त्या संध्याकाळी बाबांनी पाणी मागितलं. मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि बराच वेळ प्यायलेच नाहीत.

धनू भाद्रपदात व्याली. त्या वसुबारसेला पूजा तिची आणि तिच्या वासराची, आणि टोपलीशेजारी स्टुलावर भाऊकाका. त्यानंतर एकही वर्ष त्यांनी ते चुकवलं नाही. घरं पडली, इमारती उभ्या राहिल्या, ती विहीर बुजून तिच्यावर पार्किंग झालं. पण वसुबारसेला आळीच्या कोपऱ्यावर गाय यायची आणि टोपली असायची. नव्या सुनांना वाटायचं, हा व्रताचाच भाग आहे.

यंदा अक्षय्य तृतीयेला त्यांना भेटायला गेले होते. पडून होते, आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, "भाऊकाका, जनावर पाण्याबरोबर वर येतं हे तुम्हाला नक्की ठाऊक होतं ना?" "नाही गं," म्हणाले. "कधी केलं नव्हतं. कुणाकडून तरी ऐकलं होतं." जन्मभर ज्याच्या-त्याच्या तोंडून खरं ऐकवणारा हा माणूस, ऐकीव गोष्टीवर विहिरीत उतरला होता! "भीती नाही वाटली?" "फाटली होती," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं, मग खोकला. खोकला थांबल्यावर डोळे मिटून म्हणाले, "यंदा टोपलीजवळ तू बस."

परवा वसुबारस झाली. सुनेने माळ्यावरून टोपली काढून दिली. कड एका बाजूने उसवलीय, ती त्यांनी सुतळीने बांधलेली आहे. काशीबाईचा नातू गाय घेऊन आला. ही धनूच्याच वंशातली, असं तो छातीठोकपणे सांगतो. मला माहीत नाही, साक्षीदार कोणी उरलेला नाही. मी स्टुलावर बसले आणि येणाऱ्या प्रत्येकीला ते वाक्य सांगत राहिले. बोटावर मावेल एवढं गाईला, बाकीचं टोपलीत. दुपारकडे एक तरुण आई आली, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलीने गाईकडे हात नेला तशी आई ओरडली, "हात नको लावूस, चावेल ती!" पोरीने हात झटकन पाठीमागे नेला. तो पाठीमागे गेलेला हात मला चांगला ओळखीचा होता.

मी तिला जवळ घेतलं. तिचा हात पुढे आणला, मूठ उघडली. "आता थांब," मी म्हणाले. गाय दुसरीकडेच बघत होती. आई घड्याळ बघत होती. आम्ही दोघी थांबलो.